बदकांचा हिशेब

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पूर्वी एक समुद्रबदक हिवाळ्यात येत असे. नराचे डोके पांढरे, अंग काळे आणि चोच टोकाशी पसरट, अशी त्याची ठेवण होती. लॅब्राडॉर बदक या नावाने ते ओळखले जाई. त्याचे मांस फारसे रुचकर नसल्यामुळे बाजारात त्याला विशेष गिऱ्हाईक नव्हते. तरीही वर्षामागून वर्षे त्याची संख्या घटत गेली. १८७५ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटापाशी या जातीचे एक बदक मारले गेले. त्यानंतर ते कोणाला खात्रीने असे कधी दिसलेच नाही. आज जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत त्याचे पेंढा भरलेले पन्नासएक नमुने तेवढे उरले आहेत. ते नाहीसे का झाले, हे मात्र कोणालाही नक्की सांगता येत नाही. ते घरटे कोठे करी, अंडी किती घाली, पिलांना काय भरवी, याची टिपणे कोणी ठेवलीच नव्हती.

घरात धान्य किती शिल्लक आहे याचा ज्याला पत्ता नाही, त्याला ते संपल्याचे कळते ते कणगीचा तळ दिसू लागल्यावरच. लॅब्राडॉर बदकाच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याची हळहळ वाटणारी माणसे पुष्कळ होती. त्याचा हिशेब ठेवणारा मात्र कोणीही नव्हता. हा हिशेब ठेवणाऱ्या माणसांचा एक स्वतंत्र व्यवसाय पुढे उदयास आला. बदके, हंस, कलहंस इत्यादी पाणपक्ष्यांचे जीवन अभ्यासणे आणि त्यांचे रक्षण कसे करावे हे शोधून काढणे, हा त्या व्यवसायाचा विषय होय. तो कसा जन्मास आला आणि त्यात पडणाऱ्या माणसाला काय काय करावे लागते, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

पाखरे मोजणे वरवर पाहता सोपे वाटते. परंतु बदक हे एका गावचे रहिवासी नव्हे. उन्हाळ्यात ते उत्तरेकडील थंड प्रदेशात अंडी घालते आणि हिवाळ्यात शेकडो कोस दक्षिणेस उतरते. आज या तळ्यावर दिसलेला थवा उद्या दुसऱ्या राज्यात, किंबहुना दुसऱ्या देशात असतो. मग एकच थवा दोनदा मोजला गेला नाही, हे कशावरून समजावे? एका देशाने त्यांना अभय दिले आणि दुसऱ्याने सर्रास मारले, तर त्या अभयाचा उपयोग काय? हे ओळखूनच १९१६ साली अमेरिकेने कॅनडाच्या बाबतीत ब्रिटनशी स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार केला, आणि १९१८ साली त्यानुसार कायदा केला. शिकारीचे हंगाम ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. परंतु हंगाम किती दिवसांचा असावा हे ठरवण्यास जे ज्ञान हवे, ते अद्याप कोणाजवळही नव्हते.

या ज्ञानाची पहिली किल्ली एका शाळामास्तराच्या हाती लागली होती. डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली भोरडीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी वाळी घालून त्यांना सोडून दिले. प्रत्येक वाळ्यावर एक अंक आणि परतीचा पत्ता कोरलेला होता. असा पक्षी पुढे कोठेही सापडला, तर तो कोठून निघाला आणि कोठे पोचला हे त्या वाळ्यावरून कळे. ही युक्ती लवकरच सर्वत्र पसरली. अमेरिकेत १९२० साली सरकारने हे काम आपल्या हाती घेतले आणि फ्रेडरिक लिंकन नावाच्या तरुणाकडे ते सोपवले. वाळी घालणाऱ्या स्वयंसेवकांना क्रमांक पुरवणे, परत आलेल्या क्रमांकांची नोंद करणे आणि त्या नोंदींतून अर्थ काढणे हे त्याचे काम. हजारो नोंदी नकाशावर मांडल्यावर त्याला असे आढळून आले की, त्या खंडातील पाणपक्षी ठरावीक चार मोठ्या मार्गांनी ये-जा करतात. १९३५ साली त्याने हे हवाईमार्ग वर्णन करून प्रसिद्ध केले. आजही तेथील शिकारीचे नियम या चार मार्गांच्या धोरणानेच आखले जातात.

लिंकनने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सगळी बदके न मोजताही त्यांच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. हे समजण्यास एक साधा प्रयोग करून पाहावा. एका मोठ्या बरणीत पुष्कळ पावटे आहेत अशी कल्पना करा. त्यांतील १०० पावटे काढून रंगवावेत, पुन्हा बरणीत टाकावेत आणि बरणी चांगली हलवावी. मग न पाहता १०० पावटे काढावेत. त्यांत ५ रंगीत निघाले, तर विसांत एक रंगीत आहे असे झाले; म्हणजे बरणीत सुमारे २००० पावटे असले पाहिजेत. वाळे घातलेले बदक म्हणजे रंगवलेला पावटा. समजा, वाळी घातलेल्या दर हजार बदकांपैकी १२० शिकाऱ्यांच्या हाती पडली, म्हणजे शेकडा १२. त्या हंगामात एकंदर १२ लक्ष बदके मारली गेली असतील, तर हंगामाच्या आरंभी ती सुमारे एक कोटी असली पाहिजेत. अर्थात प्रत्येक शिकारी आपल्याला सापडलेले वाळे कळवतोच असे नाही; तेव्हा ही चूक किती हेही शोधून हिशेबात धरावे लागते. १९३० साली लिंकनने ही रीत प्रसिद्ध केली.

ही रीत हाती आली तोच संकट ओढवले. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडात गवताळ मैदानांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी तेथे असंख्य खळगे पाडले. वसंतात बर्फ वितळले की हे खळगे पाण्याने भरतात आणि बदके त्यांच्या काठी अंडी घालतात. त्या खंडातील बदकांच्या पैदाशीचे हे सर्वांत मोठे आगर होय. गव्हाच्या शेतीसाठी लोकांनी यांपैकी अनेक खळग्यांचे पाणी चर खणून काढून टाकले होते. त्यातच १९३० नंतर ओळीने अवर्षणाची वर्षे आली. उरलेसुरले खळगे आटले, माती वाऱ्यावर उडू लागली आणि बदकांचे थवे विरळ झाले. शिकारीचे शौकीन असलेले लोकही आता चिंतेत पडले.

त्या वेळी आयोवा राज्यात जे. एन. डार्लिंग नावाचे एक प्रसिद्ध व्यंगचित्रकार होते. त्यांना स्वतःला शिकारीचा छंद होता. परंतु पाणथळ जागांचा नाश पाहून त्यांची लेखणी खवळून उठली आणि ते वर्तमानपत्रांतून सरकारवर टीकेचे आसूड ओढू लागले. १९३४ साली सरकारने या टीकाकारालाच पाचारण करून वन्यजीव खात्याचा प्रमुख नेमले! त्याच वर्षी असा कायदा झाला की, सोळा वर्षांवरील ज्या कोणाला पाणपक्ष्यांची शिकार करावयाची असेल, त्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट विकत घ्यावे. पहिल्या तिकिटावरील पाण्यावर उतरणाऱ्या बदकांचे चित्र डार्लिंग यांनी स्वतःच काढले. या तिकिटांच्या पैशातून सरकार पाणथळ जागा विकत घेऊन राखू लागले. आज त्या तिकिटाची किंमत २५ डॉलर आहे आणि त्याच्या उत्पन्नातून आजवर साठ लक्ष एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, दाणे टाकून किंवा जिवंत पाळीव बदके बांधून रानबदकांना भुलवून मारण्यास बंदी झाली.

पैसा आला, कायदाही झाला. परंतु कोणती जमीन घ्यावी, कोठे पाणी अडवावे, हे सांगणारा जाणकार कोठून आणावा? डार्लिंग यांनी हे आधीच हेरले होते. १९३२ साली आयोवाच्या कृषी महाविद्यालयात वन्य प्राण्यांच्या संशोधनाचे एक केंद्र सुरू झाले. त्यासाठी त्यांनी आपल्या पदरचे पैसे दिले. तेथे प्राध्यापक पॉल एरिंग्टन यांच्या हाताखाली तरुण विद्यार्थी दलदलीत राहून अभ्यास करू लागले. १९३५ पासून अशी केंद्रे इतर विद्यापीठांतही निघाली. १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने आल्डो लिओपोल्ड यांना या विषयाचे प्राध्यापक नेमले. त्याच वर्षी त्यांचा शिकारीच्या पशुपक्ष्यांच्या जोपासनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ बंदुका रोखून पाखरे वाढत नाहीत. त्यांना अन्न, पाणी आणि आडोसा देणारी भूमी राखली पाहिजे, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. पूर्वी पाखरांची आवड हा एक छंद होता. आता तो अभ्यासाचा विषय झाला आणि त्यावर आयुष्य वेचणारी माणसे तयार होऊ लागली.

लिओपोल्ड यांचा एक शिष्य अल्बर्ट होखबाउम. १९३८ साली तो कॅनडातील मॅनिटोबा सरोवराच्या काठी असलेल्या डेल्टा नावाच्या विस्तीर्ण दलदलीत राहावयास गेला. तेथे कॅनव्हासबॅक नावाचे, तांबूस डोक्याचे एक देखणे बदक लव्हाळ्यांत पाण्यावरच घरटे करते. होखबाउमने त्याचा असा बारकाईने अभ्यास केला की, १९४४ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक आजही आदर्श मानले जाते. तो चित्रकारही होता. पुस्तकातील चित्रे त्याने स्वतःच काढली. बदकांच्या अनेक जातींच्या माद्या पुढील वसंतात आपल्या जन्माच्या दलदलीकडेच परततात, ही गोष्ट अशा अभ्यासांतून स्पष्ट झाली. हिचा अर्थ मोठा गंभीर आहे. एखाद्या दलदलीतील माद्या मारून संपल्या, तर शेजारच्या दलदलीत बदकांची गर्दी असूनही ही जागा वर्षानुवर्षे सुनी राहू शकते. एकंदर संख्या जाणून भागत नाही. कोठे किती, हेही जाणावे लागते.

फ्रँक बेलरोझ याची कथा याहूनही उद्बोधक आहे. तो इलिनॉय राज्यातला. १९३८ साली तेथील निसर्गसर्वेक्षण संस्थेत तो रुजू झाला आणि इलिनॉय नदीकाठची बदके अभ्यासण्यात त्याने आपली उभी हयात घालवली. हिवाळ्यात काही बदके गोळी न लागताही खंगून मरताना आढळत. याचे कारण काय असावे? बदकाला दात नसतात. गिळलेले धान्य दळण्यासाठी ते बारीक खडे गिळते; ते खडे त्याच्या पोटातील पेषणी नावाच्या स्नायुमय पिशवीत राहतात आणि जात्याचे काम करतात. शिकाऱ्यांच्या बंदुकीतून उडालेले शिशाचे छर्रे तळ्यांच्या चिखलात पडून राहिले होते. बदके तेच छर्रे खडे समजून गिळत. पेषणीत शिसे झिजे, रक्तात भिने आणि पाखरू हळूहळू मरे.

हे काहींना ठाऊक होते; परंतु त्यामुळे किती बदके मरतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बेलरोझने ठिकठिकाणांहून बदकांच्या हजारो पेषण्या मागवून तपासल्या. काही बदकांना मोजके छर्रे खाऊ घालून, पायात वाळी घालून सोडले आणि त्यांचे पुढे काय झाले हे पाहिले. वीस वर्षांच्या कामानंतर १९५९ साली त्याने आपला निष्कर्ष मांडला : पाणपक्ष्यांपैकी शेकडा दोन ते तीन पक्षी दरवर्षी या विषाने मरतात. हा आकडा दिसण्यास लहान. परंतु कोट्यवधी पक्ष्यांत शेकडा दोन म्हणजे लाखो जीव होतात. तरीही लोकांनी ही गोष्ट सहजासहजी मानली नाही. लोखंडाचे छर्रे महाग पडतील, बंदुका बिघडतील, अशा नाना हरकती निघाल्या. मेलेली बदके खाणारे गरुडही त्याच विषाने मरू लागले, तेव्हा कोठे सर्वांचे डोळे उघडले. अखेर १९९१ साली अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वापरण्यास देशभर बंदी झाली. निष्कर्ष १९५९ चा आणि बंदी १९९१ ची! मधल्या बत्तीस वर्षांत बेलरोझ थकला नाही. आपला आकडा खरा आहे याची ज्याला खात्री असते, त्याला वाट पाहता येते.

या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्याची तयारी कशी असावी? पहिली पायरी विद्यापीठातील शिक्षणाची. प्राणिशास्त्र तर हवेच. पण वनस्पतिशास्त्रही तितकेच हवे, कारण ज्याला पाणवनस्पती ओळखता येत नाहीत, त्याला बदक तेथे का उतरले हे कळणार नाही. गणित, त्यातही संख्याशास्त्र, हा या विद्येचा कणा होय. त्यानंतर एखाद्या जाणत्या गुरूच्या हाताखाली एका विषयावर दोन-तीन वर्षे संशोधन करून उच्च पदवी मिळवावी लागते. परंतु निव्वळ पदवीने काम भागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अल्प वेतनावर मदतनीस म्हणून राबावे लागते. पहाटे गुडघाभर चिखलात उभे राहून जाळी लावणे, पाखराला इजा न करता पायात वाळे घालणे, त्याचे वजन करणे, पंख पाहून नर की मादी आणि कोवळे की जून हे ओळखणे, ही कामे हातांनी शिकावी लागतात. गवतात दडलेली घरटी शोधण्यासाठी दोन गाड्यांच्या मध्ये लांब साखळी बांधून ती गवतावरून ओढतात. साखळीची चाहूल लागताच मादी उडते, आणि अभ्यासक तेथे जाऊन अंडी मोजतो. अंडे उजेडासमोर धरून आतील पिलू किती दिवसांचे आहे हे पाहतो, आणि लगोलग माघारी फिरतो. कारण तो जितका वेळ थांबेल, तितका घरट्याला धोका अधिक.

दरवर्षी मे महिन्यात याहून मोठी मोजदाद होते. १९५५ पासून अमेरिका आणि कॅनडा यांचे अभ्यासक लहान विमानांतून, जमिनीपासून अवघ्या शे-दीडशे फुटांवरून, ठरलेल्या सरळ रेषांत उडतात आणि दोन्ही बाजूंची बदके व तळी मोजतात. मैदानी भागात त्याच रेषेच्या काही भागावर दुसरी तुकडी पायी फिरून मोजते. विमानातून किती बदके नजरेतून सुटली, हे त्यावरून कळते. स्वतःची चूक किती, हे मोजण्याची सोय मोजदादीतच केलेली असते. हिवाळ्यात निवडक शिकारी मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख टपालाने पाठवतात. मग अभ्यासक एकत्र बसून हजारो पंख पारखतात आणि त्या वर्षी पिले किती जगली हे ठरवतात. या सगळ्या आकड्यांवरून पुढील हंगाम किती दिवसांचा आणि एका शिकाऱ्याने दिवसात किती बदके मारावी हे ठरते. अवर्षण पडले, तर मर्यादा आवळली जाते. म्हणजेच या माणसांच्या वहीतील आकडा हा बदकांच्या बाजूने बोलणारा वकीलच होय.

या श्रमांचे फळ काय मिळाले? १९७० ते २०१७ या काळात उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे तीनशे कोटींनी घटली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. गवताळ रानांतील पाखरांची तर फारच हानी झाली. परंतु त्याच काळात बदके, हंस व कलहंस यांची संख्या शेकडा ५६ ने वाढली. ज्यांचा हिशेब ठेवला गेला आणि ज्यांच्यासाठी पाणथळ भूमी राखली गेली, ती पाखरे वाढली. अर्थात पाऊस कमी झाला किंवा पुन्हा चर खणले गेले, तर हे सुदिन पालटण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच मोजदाद थांबवून चालत नाही.

आपल्या देशातही या विद्येची परंपरा आहे. मुंबईची नैसर्गिक इतिहास संस्था १८८३ साली स्थापन झाली. या संस्थेत घडलेले डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. राजस्थानातील भरतपूरच्या तळ्यावर १९३८ साली एका दिवसात ४२७३ पाखरे मारली गेली होती. तेथेच पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो बदकांच्या पायांत वाळी घालण्यात आली, आणि ही पाखरे मध्य आशिया आणि सैबेरिया येथून आपल्याकडे येतात, हे त्या वाळ्यांनी सिद्ध केले. भारतात १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले आणि आज रानबदकांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे येथील अभ्यासकाला बंदुकीपेक्षा आटणारी तळी, पाण्यातील घाण आणि भराव यांचीच चिंता अधिक. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे पाणथळ महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून २०२० साली जाहीर झाले. गोदावरीच्या त्या विस्तीर्ण पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणती होते, आणि आपल्याकडील हौशी पक्षिनिरीक्षकही तीत भाग घेतात.

ज्याला पुढे या वाटेने जावयाचे आहे, त्याने आरंभ लहान करावा. गावच्या तळ्यावर दर रविवारी एकाच वेळी, एकाच जागी उभे राहावे. दिसलेली पाखरे मोजावीत. दिनांक, वेळ आणि पाण्याची पातळी लिहावी. जे ओळखता आले नाही, तेथे अंदाजाने नाव न लिहिता जागा कोरी ठेवावी. दोन-तीन वर्षांनी ती वही उघडली म्हणजे त्या तळ्याविषयी गावातील इतर कोणालाही ठाऊक नसलेले काहीतरी तिच्यात सापडेल. लॅब्राडॉर बदकासाठी अशी एकही वही कोणी ठेवली नव्हती.